रजाचिठ्ठी

एकतीस वर्षं मी रजाचिठ्ठ्या घेतल्या.
वहीच्या फाडलेल्या पानावर, आईच्या अक्षरात,
कधी आईच्या अक्षरासारख्या अक्षरात:
‘पोटात दुखत असल्यामुळे…’
खोटी सही मला लगेच कळायची.
बहुधा सोडून द्यायचे.

आता खंडेराव मार्केटच्या जिन्यात
अर्ज माझ्या हातात आहे.
बडोद्यात घर बांधायच्या परवानगीला
रजाचिठ्ठी म्हणतात.
आपल्याकडे घरी राहायला रजा लागते,
इथे घराला.

प्लॉट घेतला तेव्हा भायली हे गाव होतं.
तलाटी रायजीभाईंनी खाटेवर बसल्या बसल्या
बोटाने हवेत घर काढलं:
‘बाजूला दीड मीटर सोडा, बेन. बाकी तुमचंच.’
त्यावर पंकिलभाईंनी नकाशा केला,
जोतं आलं, जोत्यावर विटांचे चार थर,
आणि एका सकाळी
जागची न हलता मी शहरात गेले.

हद्द सरकली होती.
कडुलिंब तिथेच, म्हशी तिथेच,
सिमेंटच्या गोणीवर माझी छत्री तिथेच.
पंचायत म्हणाली, दप्तर शहराकडे गेलं.
शहर म्हणालं, दप्तर आलंच नाही.
दप्तर हरवलेलं पोर कसं उभं राहतं
हे मी खूप पाहिलंय. तशीच उभी राहिले,
खिडकी क्रमांक चार, जेवणाची सुट्टी होईपर्यंत.

समोर, रस्त्यापलीकडे, फतेसंग पढियार.
त्यांच्याकडे अजून वुडा.
त्यांची गच्ची रस्त्यावर ओणवून बघते
माझ्या चार थरांकडे.
डांबराच्या मधोमध कुठेतरी ती रेघ असणार.
त्यांची शेळी दिवसातून दहादा ओलांडते,
दोन्ही कायद्यांतलं गवत खाते.

सोलंकीसाहेबांनी नकाशा पसरला,
कोपऱ्यावर पेपरवेट, दुसऱ्यावर स्वतःचा डबा.
‘मार्जिन छोडवुं पडशे, बेन.
बाजूला अडीच.’
लाल पेन माझ्या न्हाणीघरातून आरपार गेलं.

मला हसूच आलं.
समास सोडा रे, समास सोडा,
दोन बोटं कोरी ठेवा,
किती बाकांमधून ओरडत फिरले असेन.
पोरं विचारायची, बाई, वही तर आमची ना?
मी म्हणायचे, ती जागा माझी.
माझ्या लाल शाईची.

म्हणून विचारलंच:
माझ्या पैशाची, माझ्या नावाची अडीच मीटर
कोरी ठेवायची ती कुणासाठी?
‘बंबासाठी,’ ते म्हणाले. ‘आग लागली तर.
आणि शेजाऱ्याच्या खिडकीत वारा यायला.’
उत्तर बरं होतं.
मी देत असे त्यापेक्षा तर बरंच.

कडेला त्यांनी शेरा लिहिला, गुजरातीत.
डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं,
एकेक सुटं, आभाळाखाली उभं.
शेकडो वर्षं नांदतायत बिनछपराची,
काही अडलं नाही.
मला मात्र जूनच्या आत स्लॅब हवा होता.

नवा फॉर्म अकरा पानी.
सर्व्हे नंबर, जोत्याची उंची,
शोषखड्डा किती खोल,
पावसाचं पाणी कुठे जाणार,
झाड आहे का, असल्यास किती.
सगळं विचारलंय.
कारण विचारलेलं नाही.

मी तयारीने गेले होते.
सांगणार होते, भाड्याच्या घराचा मालक
कॅनडातल्या मुलाला परत बोलावतोय;
सांगणार होते, श्रीपादरावांचा फंड
बँकेत पडून पडून म्हातारा झालाय.
कुणी विचारावं तर!

रिक्षात बसले. भायलीच्या वळणावर
पढियारांची गच्ची दिसली,
कठड्यावर गोधडी वाळत घातलेली.
फाइल मांडीवर उघडली,
पर्समधली पेन्सिल काढली
आणि अकराव्या पानाच्या समासात,
खोडता येईल इतक्या फिक्या हाताने,
लिहिलं:
पोटात दुखत असल्यामुळे.